बालवर्गात अंडी उबविताना : जीवनचक्राचा एक पाठ

अंड्यातून पिल्लू कसे येते, हा प्रश्न लहान मूल विचारतेच. फळ्यावरील आकृतीपेक्षा वर्गात अंडी उबवून दाखविल्यास उत्तर अधिक स्पष्ट होते. प्राथमिक शिक्षक घडविणाऱ्या अध्यापकांसाठी या प्रयोगातील काही बाबींचा येथे विचार केला आहे.

हैदराबादला हा विषय परका नाही. राजेंद्रनगर येथे १९८८ मध्ये सुरू झालेल्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी ‘वनराजा’ व ‘ग्रामप्रिया’ या कोंबड्या विकसित केल्या.

प्रथम, अंडी फलित हवीत. दुकानातील अंडी बहुधा नराविना ठेवलेल्या कोंबड्यांची असतात. त्यांतून पिल्लू निघत नाही. उबवणी यंत्रात सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस तापमान व पुरेसा ओलावा रात्रंदिवस राखावा लागतो. गर्भ आतील पडद्याला चिकटू नये म्हणून अंडी दिवसातून किमान तीनदा, सुटीच्या दिवशीही, फिरवावीत. १८व्या दिवसानंतर फिरवू नयेत. अंडी मंगळवारी ठेवली की २१ दिवसांनी मंगळवारच येतो आणि रविवार टळतो. सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरल्यास शिरांचे जाळे दिसते.

हा भाषेचाही पाठ होऊ शकतो. उर्दूतील ‘चूज़ा’ व मराठीतील ‘पिल्लू’ शेजारी लिहावेत आणि मुलांनी रोज एक वाक्य नोंदवावे. पिल्लाला हात लावल्यावर साबणाने हात धुणे मात्र सक्तीचे असावे, कारण कोंबड्यांपासून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो.

खरी कसोटी पुढे आहे. काही अंडी फुटत नाहीत, एखादे पिल्लू मरते. शिक्षकाने हे लपवू नये. मृत्यू हाही त्याच चक्राचा भाग आहे. जगलेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात. त्या सर्वांना सांभाळणारे घर अंडी ठेवण्यापूर्वीच ठरलेले नसेल, तर प्रयोग करूच नये. अन्यथा पाठ संपला की जीवही टाकून द्यायचा असतो, एवढेच मूल शिकेल.

अशा वेळी कोंबड्या पाळणाऱ्या एखाद्या कुटुंबाकडे मुलांना न्यावे. तेथे खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली दिसेल. काही महिन्यांनी पुन्हा गेल्यास त्याच पिल्लांपैकी एखादी तलंग होऊन अंडी घालू लागलेली आढळेल. वर्गातील तीन आठवड्यांत अर्धेच दिसणारे चक्र तेथे पूर्ण होते.