आवाजाचा शोध

रत्नागिरीहून कोल्हापूरकडे निघालेली मोटार हातखंबा, पाली, साखरपा ही गावे मागे टाकून आंबा घाटाच्या पायथ्याशी येते. इतक्यात मागचे चाक एका खड्ड्यात आदळते आणि गाडीच्या मागील बाजूने ‘खट्’ असा आवाज उमटतो. पुढच्या खड्ड्यावर पुन्हा तोच आवाज! जाणता चालक अशा वेळी तसाच घाट चढत नाही. गाडी सपाट जागी उभी करून तो आवाजाचे मूळ शोधू लागतो. हा शोध कसा घ्यावयाचा, ते आपण पाहू.

चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये स्प्रिंगा असतात. मालमोटारीत बहुधा पोलादी पाटे एकावर एक रचलेले असतात. लहान मोटारीत बहुधा वेटोळ्याची स्प्रिंग असते. स्प्रिंग खड्ड्याचा धक्का पोटात घेते. पण एकदा दबली, की ती वरखाली हेलकावत राहते. हे हेलकावे शॉक अ‍ॅब्सॉर्बर आवरतो. त्याच्या नळीतील तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते आणि त्या विरोधामुळे हेलकावे लवकर थांबतात. हे भाग जेथे जोडलेले असतात, तेथे रबरी बुश बसवितात. रबर झिजले, की लोखंड लोखंडावर आदळते.

शोध सोप्याकडून अवघडाकडे न्यावा. प्रथम डिकीतील सामान, जॅक आणि जादा चाक बाहेर काढून गाडी हळू चालवावी. आवाज थांबला, तर दोष गाडीचा नसून सैल सामानाचा! तो न थांबल्यास गाडीचा मागचा कोपरा हाताने दाबून सोडावा. गाडी झुलतच राहिली, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झाला असे समजावे. ती चटकन स्थिर झाली, तरी त्याचे बोल्ट व बुश तपासावेच लागतात. सायलेन्सर टांगणारे रबर तुटले असले, तरी असाच आवाज येतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कोणीही शिरू नये. जॅक निसटला, तर प्राणावर बेतते. खालची तपासणी भक्कम आधार देऊन कारागिरानेच करावी.

कोकणातील खाऱ्या, दमट हवेत पोलाद लवकर गंजते. गंजून मोडलेल्या स्प्रिंगचे टोक टायर फाडू शकते. घाटातील वळणावर तसे घडले, तर काय अनर्थ ओढवेल! म्हणून लहानसा आवाजही दुर्लक्षू नये. वैद्य रोग्याची नाडी पाहून मगच औषध देतो. यंत्राच्या बाबतीतही आधी निदान आणि मग उपाय, हाच क्रम योग्य होय.