दाबून बसविलेले बेअरिंग आणि हातोड्याचा मोह

पोंभुर्ण्याच्या एका वाचकांनी पत्राने कळविले आहे की, त्यांच्या गिअरच्या माउंटन सायकलीवर चढ लागला आणि पायडलवर जोर पडला म्हणजे क्रँकच्या जोडातून ‘कट्‌, कट्‌’ असा आवाज येतो. गावातील कारागिराने सायकल उलटी करून, क्रँक हलवून, आत डोकावून पाहिले आणि ‘ह्यात आटेच नाहीत, ठोकूनच काढावं लागेल’ असा निकाल दिला. तरी आटे नसलेले बेअरिंग मुळात जागेवर राहते कशाच्या बळावर, आणि ते ठोकावे की ठोकू नये, याचा खुलासा व्हावा. यांपैकी पहिला प्रश्न पदार्थविज्ञानाचा आणि दुसरा निव्वळ कारागिरीचा, असे वरवर पाहता वाटते. परंतु थोर शास्त्रज्ञांनी बुद्धी खर्च केली आहे ती प्रामुख्याने दुसऱ्यावर.

अंधारी आणि वैनगंगा या नद्यांच्या आसऱ्याने राहणारा हा धानाचा मुलूख सायकलीला नवखा नाही. मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या मुलींना मिळालेल्या सायकली चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलरस्त्यांवर वर्षानुवर्षे धावत आल्या आहेत, आणि अशा साध्या सायकलीच्या क्रँकच्या जोडातील रचना आजोबांच्या सायकलीत होती तीच आहे: दोन बाजूंना आट्यांनी बसविलेले दोन कप, मधून जाणारा एक्सल, त्या एक्सलवरच घडविलेले कोन, आणि दोहोंच्या मध्ये ग्रीसमध्ये रुतविलेले पाव इंची छर्रे. रोवणीच्या दिवसांत बांधीचा चिखल आत शिरला, तर पान्याने कप सोडवावा, सारे रॉकेलमध्ये धुवावे, छर्रे बदलावेत, ताजे ग्रीस भरावे, आणि एक्सल डुगडुगणार नाही व अडणारही नाही इतपतच कप पुन्हा आवळावा, एवढ्यावर काम भागते. चिखल धुतलाच पाहिजे, कारण त्यातील वाळूचा कण हा बहुधा गारगोटीचा असतो आणि गारगोटी ही बेअरिंगच्या पाणी दिलेल्या पोलादाहूनही कठीण असते. आटे नसलेल्या या माउंटन सायकलीत मात्र छर्रे, त्यांच्या आतली व बाहेरची कडी आणि दोन रबरी झाकणे यांचे एक बंद पुडकेच तयार करून ते फ्रेमच्या भोकात नुसते दाबून बसविलेले असते.

या नुसत्या दाबण्यात काय सामर्थ्य असते हे ज्यांना पाहावयाचे असेल, त्यांनी बैलबंडीच्या चाकाला धाव चढविण्याचा सोहळा पाहावा. रबरी टायरच्या बंड्या आल्यापासून तो दुर्मिळ झाला आहे, पण ज्यांनी बालपणी पाहिला ते विसरलेले नाहीत. तुंबा, आरे आणि पाटे जुळवून सुताराने सिद्ध केलेल्या चाकाचा घेर मोजून, लोहार आपल्या लोखंडी धावेचा घेर जाणूनबुजून त्याहून किंचित लहान ठेवीत असे. थंड धाव त्या चाकावर चढणे केवळ अशक्य. म्हणून गोवऱ्या आणि लाकडे यांच्या कड्यात ती लाल होईपर्यंत तापवावयाची, दोघातिघांनी सांडशीने उचलून चाकावर टाकावयाची, लाकूड पेट घेऊ लागते न लागते तोच घणाचे चार टोले देऊन ती समतल करावयाची, आणि मग घागरीमागून घागरी पाणी ओतावयाचे. त्या क्षणी धाव आवळते, पाटे आऱ्यांवर आणि आरे तुंब्यात करकरत घुसतात, आणि हाताने हलणारे चाक दगडासारखे घट्ट होऊन जाते. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दर अंश सेल्सिअसमागे लोखंड आपल्या लांबीच्या दशलक्षांश बारा भाग वाढते. चाकाचा व्यास दीड मीटर धरला तर घेर होतो सुमारे ४.७ मीटर, आणि ६०० अंशांची वाढ दिली म्हणजे तो घेर जवळजवळ साडेतीन सेंटीमीटरने लांबतो. लोहाराच्या हाती खेळावयास दोन बोटांची ही एवढी जागा असते, आणि ती तो अदमासाने नव्हे, मापाने वापरीत असे. लोहारा आणि सुरजागड यांच्या लोहखनिजाविषयी आपण नेहमी टनांच्या भाषेत बोलतो. त्या लोखंडाशी संसार करणाऱ्या लोहारांच्या गणिताची दप्तरी फारशी नोंद झाली नाही, हे मला नेहमी खटकत आले आहे.

सायकलीतील बेअरिंग हे याच न्यायाने बसते, फक्त आतबाहेरची अदलाबदल होऊन. येथे भोक बाहेर आणि कडी आत. कडीचा बाहेरचा व्यास भोकाहून दोनचार शतांश मिलिमीटरने मोठा असतो, आणि ती आत दाबली की भोकाची भिंत किंचित ताणली जाते, कडी किंचित आकुंचन पावते, आणि दोघांच्याही मूळ आकाराकडे परतण्याच्या धडपडीतून जो दाब उत्पन्न होतो, त्या दाबाच्या घर्षणावर सारी मदार असते. अशा नळ्यांतील ताणांचे गणित गाब्रिएल लामे या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकातच सिद्ध करून ठेवले आहे.

परंतु शतांश मिलिमीटरच्या या जमाखर्चात चंद्रपूरचे ऊनही आपला वाटा मागते, आणि ही गोष्ट परदेशी छापील मार्गदर्शिकांत क्वचितच आढळते. फ्रेम ॲल्युमिनियमची, कडी पोलादाची. ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षांश तेवीस भाग वाढते, पोलाद बारा. समजा, २० अंशांच्या खोलीत ४२ मिलिमीटरचे बेअरिंग बसविले आणि मे महिन्यात ४५ अंशांना सायकल बाहेर काढली, तर भोक कडीपेक्षा सुमारे बारा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शतांशाहून थोडे अधिक, जादा मोठे होते. पकड मुळात चार शतांशांची असली तर पाव हिस्सा गेला एवढेच. पण कारखान्यात भोक कातताना निष्काळजीपणे दोन शतांश सैल ठेवले असेल, तर उरलेल्या पकडीचे निम्म्याहून अधिक भांडवल उन्हातच संपते. आणि सैल झालेली कडी स्वस्थ बसत नाही. क्रँक फिरतो तसा भाराचा बिंदू कडीवरून सरकत जातो, कडी भोकातल्या भोकात कणाकणाने लोळत एक्सलच्या उलट दिशेला फिरू लागते, आणि जोर पडताच ‘कट्‌’ असा आवाज देते.

ही लोळण जुन्या कारागिरांना ठाऊक होती, याचा पुरावा प्रत्येक साध्या सायकलीत आहे. मूळची बंदुका करणारी बर्मिंगहॅमची बीएसए कंपनी सायकलींकडे वळली, आणि तिच्या नावाने रूढ झालेल्या १.३७ इंच व्यासाच्या, इंचाला २४ आटे असलेल्या मापात उजवीकडच्या कपाला मुद्दाम उलटे आटे दिलेले असतात, जेणेकरून लोळणीने तो सुटण्याऐवजी आवळतच जावा. इटालियन मापात दोन्हीकडे सुलटेच आटे, आणि उजवा कप सैल होण्याची तक्रार त्या मापाची जन्माची सोबतीण! आट्यांची ही पुरातन व्यवस्था मोडून कॅननडेल या अमेरिकन कंपनीने २००० साली ३० मिलिमीटरच्या जाड एक्सलाची, दाबून बसविण्याच्या बेअरिंगची पद्धत आणली आणि २००६ मध्ये ती इतर कारखानदारांनाही मोकळी करून दिली. जाड पोकळ एक्सल कमी वजनात पीळ अधिक सोसतो, हे निर्विवाद. जाहिरातींत मात्र जे ठळक अक्षरांत आले नाही ते असे, की आटे पाडण्याचा खर्च वाचला हा लाभ कारखानदाराचा होता, आणि त्याच्या मोबदल्यात भोक काटेकोर गोल व दोन्ही बाजूंनी एका रेषेत कातण्याची जी जबाबदारी येत होती ती पार पाडण्याची तयारी सर्वांची नव्हती. २०१५ साली ४७ मिलिमीटरचे आटे असलेले नवे माप निघाले, जाड एक्सल आणि आटे यांचा समेट झाला, आणि मोठमोठ्या कंपन्या हळूहळू आट्यांकडे परतू लागल्या. दोष दाबून बसविण्याच्या तत्त्वाचा असता तर बैलबंडीची चाके शतकानुशतके चालती ना.

आता हातोड्याकडे वळू. कंपनसंख्येच्या एककाला ज्याचे नाव आहे तो हाइन्रिख हर्ट्‌झ आपणांस विद्युल्लहरींसाठी ठाऊक असतो. परंतु १८८० च्या नाताळच्या सुट्टीत, बर्लिनमध्ये हेल्महोल्ट्‌झ या भौतिकशास्त्रज्ञांचा साहाय्यक असताना, या तेवीस वर्षांच्या तरुणाने एका निराळ्याच प्रश्नाला हात घातला होता. काचेची दोन भिंगे एकमेकांवर दाबली असता प्रकाशाची जी रंगीत वलये दिसतात, ती दाबाने विकृत होतात. तेव्हा दोन वक्र पृष्ठभाग परस्परांना भिडले म्हणजे त्यांच्यातील बिंदूएवढा स्पर्श पसरून केवढा होतो आणि त्यावर दाब किती पडतो, हे त्याने गणिताने सोडविले आणि जानेवारी १८८१ मध्ये तेथील फिजिकल सोसायटीपुढे मांडले. वयाच्या ३६ व्या वर्षी तो निवर्तला. छर्रा आणि कडी हेही असेच दोन वक्र पृष्ठभाग; म्हणून आज रस्त्यावरचे प्रत्येक चाक त्या सुट्टीतील गणिताच्या आधारे फिरते, पण शाळेच्या पुस्तकांत त्याला जागा नाही.

त्या वेळी छर्ऱ्यांच्या बेअरिंगांचे युग नुकते उजाडत होते. पॅरिसचा सायकल-कारागीर झ्यूल स्यूरिरे याने १८६९ मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पॅरिस-रूआँ ही शर्यत जेम्स मूरने जिंकली ती अशाच बेअरिंगांच्या सायकलीवर. अडचण होती ती सारखे छर्रे करण्याची, कारण एकच छर्रा केसभर मोठा निघाला तरी सगळा भार त्याच्या माथी येतो. ती अडचण १८८३ मध्ये श्वाइनफुर्टच्या फ्रीड्रिख फिशरने पोलादी छर्रे यंत्राने घासून एकसारखे गोल करण्याची युक्ती काढून दूर केली. पुढे रिशार्ड श्ट्रीबेक या अभियंत्याने १९०१ च्या सुमारास प्रयोगांनी दाखविले की, छर्रे सारखे असले तरीही भार समान वाटला जात नाही. दहा छर्रे असतील तर नेमक्या भाराखाली सापडलेल्या एकट्याच्या वाट्याला जवळजवळ निम्मा भार जातो. आणि छर्ऱ्याच्या व्यासाच्या दहा हजारांश एवढा कायमचा खळगा कडीत पडला, की बेअरिंगची सहनशक्ती संपली असे आजचे मानक समजते; चार मिलिमीटरच्या छर्ऱ्याला ही मर्यादा अर्ध्या मायक्रॉनहून कमी.

हातोड्याचा टोला आतल्या कडीवर पडला तर तो बाहेरच्या कडीपर्यंत पोहोचण्याला छर्ऱ्यांखेरीज दुसरी वाटच नाही, आणि प्रत्येक छर्रा त्या टोल्यासरशी खोबणीत आपला ठसा उमटवून जातो. स्वीडनच्या योहान ऑगस्ट ब्रिनेलने १९०० साली धातूंचा कठीणपणा मोजण्याची जी रीत प्रसिद्ध केली, ती हीच: १० मिलिमीटरचा कठीण छर्रा ३,००० किलोच्या भाराने दाबावा आणि पडलेला खळगा मोजावा. नवे बेअरिंग ठोकून बसविणारा कारागीर म्हणजे ब्रिनेलची परीक्षा गिऱ्हाइकाच्या खर्चाने घेणारा परीक्षक होय.

तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे: जुने, टाकाऊ बेअरिंग काढताना मागून ठोकले तरी हरकत नाही, कारण ते तसेही भंगारातच जावयाचे आहे, फक्त टोले आळीपाळीने चारी बाजूंनी द्यावेत, नाहीतर ते तिरके होऊन फ्रेमचे भोक ओरबाडते. नवे मात्र ठोकू नये. सबंध लांबीला आटे असलेली एक सळई, दोन नट आणि जाड वायसर एवढ्यावर दाबयंत्र तयार होते; बाहेरच्या कडीवर बरोबर बसेल असे लोखंडी कडे किंवा जुन्या बेअरिंगची कडी मध्ये ठेवावी, भोक पुसून घ्यावे, आणि दोन पान्यांनी सळई आवळत जावी. बेअरिंग तिरके जाऊ लागले तर हाताला लगेच कळते. तेथे थांबून, मागे घेऊन, पुन्हा सरळ लावावे. धाव चढविण्याची रीत इथेही कामास येते, कारण बेअरिंग काही काळ बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमचे भोक गरम पाण्याच्या फडक्याने शेकले, की जोर बराच कमी लागतो. कार्बनच्या फ्रेमला शेक देऊ नये.

बेअरिंग मिळेल कोठे, ही चिंता नको. रबरी झाकणावर आकडा कोरलेला असतो, आणि त्यातील शेवटच्या दोन अंकांना पाचाने गुणले की आतले भोक मिलिमीटरमध्ये मिळते: ६८०६ म्हणजे ३० मिलिमीटर. चारांपेक्षा लहान अंकांना हा नियम लागू नाही. ०२ म्हणजे १५ आणि ०१ म्हणजे १२. घरच्या छताच्या पंख्यात बहुधा ६२०२ असते, मागच्या हबमध्ये ६९०२ निघू शकते; आतले भोक दोघांचेही १५, पण बाहेरचा व्यास पहिल्याचा ३५ आणि दुसऱ्याचा २८, म्हणून जुने बेअरिंग खिशात घालूनच चंद्रपूरच्या दुकानात जावे. तेथे सिरॅमिक छर्ऱ्यांचे बेअरिंग कोणी सुचविले तर नम्रपणे नकार द्यावा; टायर आणि हवा जेवढी शक्ती खातात, तिच्यापुढे त्या छर्ऱ्यांची बचत नगण्य आहे.

एक शंका मात्र आधी फेडून घ्यावी: आवाज बेअरिंगचाच आहे काय? कोरडे पडलेले पायडलचे आटे, सीटचा खांब, चेनव्हीलचे सैल बोल्ट हे हुबेहूब तसाच आवाज करतात, आणि पायडल काढून ग्रीस लावून पुन्हा बसविण्यास बेअरिंगचा शंभरावा भागही खर्च येत नाही. डावे पायडल उलट्या आट्यांचे असते, एवढे लक्षात असू द्यावे.

आणि जोड उघडलाच आहे, तर चेनही मोजून घ्यावी. मँचेस्टरला स्थायिक झालेल्या हान्स रेनोल्ड या स्विस गृहस्थाने १८८० मध्ये जिचे पेटंट घेतले, तिचीच ही वंशज. ‘चेन ताणली गेली’ असे आपण म्हणतो खरे, पण पट्ट्या ताणत नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन व तिचे भोक झिजते आणि त्या झिजेची बेरीज लांबी होऊन दिसते. सांधे अर्ध्या इंचावर असतात, म्हणून चोवीस सांध्यांचे अंतर बरोबर १२ इंच भरावे. पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत मोजता ते सोळांश इंचाने वाढले असेल तर चेन बदलावी. अष्टमांशाने वाढले असेल तर मागची दातेरी चक्रेही गेलीच, कारण त्यांचे दात झिजलेल्या चेनच्या मापाने कोरले गेलेले असतात आणि नवी चेन त्यांवरून उडी मारते, तीही नेमकी चढावर, पाय पूर्ण जोरात असताना. मोजण्याची पट्टी तेवढी पोलादाची घ्यावी. शाळेची प्लॅस्टिकची फूटपट्टी २० अंशांवरून ४५ अंशांवर गेली की सुमारे अर्धा मिलिमीटर स्वतःच वाढते, आणि चेनची झीज तेवढी कमी दाखविते. सोळांश इंच म्हणजे तर अवघे १.६ मिलिमीटर.