राख, चिंच आणि धुण्याचा सोडा

तळेगाव दाभाड्याला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला, तो माणसामागे वर्षाला एक पैसा गोळा करून. कल्पना अंताजी दामोदर काळे यांची, पाठबळ लोकमान्य टिळकांचं आणि काचेचं ज्ञान परदेशात शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांचं. स्वदेशीच्या इतिहासात हा कारखाना येतो, पण तिथे भट्टीत काय जात असे, ते सहसा सांगितलं जात नाही. वाळू, चुनखडी आणि सोडा. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. सोडा घातला की ते काम बऱ्याच कमी तापमानात होतं. काचवाले ज्याला सोडा ॲश म्हणतात ते सोडियम कार्बोनेट, आणि हेच कार्बोनेट पाणी धरून स्फटिक झालं की किराणा दुकानात धुण्याचा सोडा म्हणून मिळतं. आज त्याच तळेगावात चाकण-पिंपरीच्या कंपन्यांत जाणाऱ्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत, आणि तिथल्या कुठल्याही घरात सिंकखालचं कपाट उघडलं तर ओट्याची बाटली, काचेची, फरशीची, बाथरूमची, संडासची अशी रांग दिसते. यातल्या निम्म्याहून अधिक बाटल्यांचं काम हा सोडा करू शकतो, असं माझं म्हणणं आहे. सगळं काम करतो असं मात्र मी म्हणणार नाही, आणि जिथे तो कमी पडतो तिथेच या विषयातली खरी गंमत आहे.

बाजाराने घाण खोल्यांप्रमाणे वाटून घेतली आहे. घाणीला मात्र खोल्या कळत नाहीत, तिला स्वभाव असतो. तेल, तूप, कढईचा धूर, अंगाचा मळ, कॉलरवरची काळी रेघ ही सगळी स्निग्ध घाण, आणि ती अल्कधर्मी पदार्थाला शरण जाते. नळाभोवतीचा पांढरा थर, गिझरमधली खपली, तांब्या-पितळेवरची काळसर झाक ही खनिज घाण. तिला आम्ल लागतं. जुन्या स्वयंपाकघरात या दोन्हींची सोय होती आणि ती फुकटात होती. खरकट्या, तेलकट भांड्यांना चुलीतली राख, देवाच्या पितळी उपकरणांना चिंच. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे सोड्याचं सख्खं भावंडच. चूल गेली आणि गॅस आला तेव्हा राख संपली. रिकाम्या झालेल्या त्या जागी एकाच्या ऐवजी सहा बाटल्या आल्या.

सोडा काम कसा करतो ते पाहण्यासारखं आहे. त्याच्या पातळ द्रावणाचा सामू ११ च्या आसपास जातो. खाण्याच्या सोड्याचा साधारण ८.३, म्हणून तेलकटपणावर तो फार चालत नाही. सोड्याच्या पाण्यात तेलाचा थोडा भाग तिथल्या तिथे साबणात बदलतो आणि उरलेलं तेल सुटं होऊन पाण्याबरोबर निघून येतं. लिटरभर गरम पाण्यात एक मोठा चमचा सोडा आणि भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकावेत. गॅसमागच्या टाइल्सवर हे पाणी फडक्याने फिरवून पाच-दहा मिनिटं तसंच ठेवलं की चिकट पिवळा थर आधी मऊ पडतो, मग ओघळायला लागतो आणि त्याची तपकिरी रेघ ओट्यावर उतरते. घासायची वेळ येते ती फक्त सांध्यांत. नंतर मात्र साध्या पाण्याचं फडकं दोनदा फिरवायला हवं, नाहीतर वाळल्यावर सोड्याची पांढरी पूड उमटते आणि माणूस सोड्यालाच नावं ठेवतो. कपड्यांच्या बाबतीत त्याचा दुसरा गुण कामी येतो. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम असतं, ते साबणाशी जुळून त्याचा चिकट साका करतं आणि फेस मरतो. सोडा हे दोन्ही आधीच खाली बसवतो, मग साबण मोकळा होतो. उन्हाळ्यात टँकर आणि बोअरवर भिस्त असलेल्या सोसायटीत हा फायदा लहान नाही.

आता मर्यादा. अॅल्युमिनियमला सोडा चालत नाही. जर्मनची पातेली, हिंडालियमची कढई, कुकर सोड्याच्या गरम पाण्यात ठेवले की काळवंडतात आणि पृष्ठभाग झिजतो. चिमणीच्या जाळ्या भिजवण्याआधी त्या स्टीलच्या आहेत की अॅल्युमिनियमच्या, ते बघणं म्हणूनच आवश्यक. पातळ, हलक्या जाळ्या पुष्कळदा अॅल्युमिनियमच्या असतात. रेशीम आणि लोकर यांच्यापासूनही तो लांब ठेवावा, पॉलिशच्या लाकडाला लावू नये. नळावरच्या पांढऱ्या थरावर तर त्याचा काहीच उपयोग नाही, कारण तो थरच मुळात कार्बोनेट आहे. तिथे चिंचेची जागा लिंबूफूल घेतं, म्हणजे सायट्रिक ॲसिड, आणि तेही किराणा दुकानात स्वस्त मिळतं. पण आपल्याकडच्या घरांत याच ठिकाणी एक चूक सर्रास होते. कडप्पा आणि शाहाबादी फरशी हे दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचं ॲसिड त्यांच्यावर पडलं की दगडच विरघळायला लागतो. काळ्या ओट्यावर दिसणारे ते फिकट, खरखरीत डाग मळाचे नसतात, झिजेचे असतात, आणि ते घासून जात नाहीत. सोड्याने असं होत नाही. कडप्प्याच्या ओट्याला म्हणूनच सोडा हा सर्व फवाऱ्यांहून बरा.

जंतूंचं काय, हा पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. सोडा जंतुनाशक नाही. पण ओट्यावरून तेलाचा आणि अन्नाचा थर गेला की जंतूंचं खाद्य जातं आणि बरेचसे जंतूही धुऊन निघतात. रोजच्या घरकामाला तेवढं पुरतं. घरात उलट्या-जुलाबाचा रुग्ण असेल तर ब्लीच वापरावं, तेही आधी जागा धुऊन, कारण मळ असला की क्लोरीन जंतूंआधी मळातच खर्ची पडतो. ब्लीच आणि संडासचं ॲसिड मात्र कधीही एकत्र येऊ देऊ नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद, लहान बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. अनेक बाटल्या जवळ बाळगण्यातला हा धोका जाहिरातीत येत नाही. दुसरा आक्षेप हातांचा. सोड्याने हातांची त्वचा कोरडी पडते, फाटते, हे खरंच आहे. रबरी मोजे घालावेत, आणि भांडी-फरशीला येणाऱ्या बाईंच्या हाती बादली देताना तेच मोजे त्यांनाही द्यावेत. सोड्याचं पाणी फवाऱ्यात भरू नये, डोळ्यांत तुषार जातात.

स्वस्त म्हणजे दुय्यम, हा आक्षेप कुणी उघड बोलत नाही, पण खरेदी त्याच्याच जोरावर होते. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी निरमा पावडर करून विकायला सुरुवात केली, तेव्हा नामांकित पावडरीच्या तुलनेत तिची किंमत फारच कमी होती, आणि तिच्यातला मोठा भाग सोडा ॲशचा होता. मध्यमवर्गाने नाकं मुरडली, पण कपडे निघत होते म्हणून पावडर खपत गेली. याउलट आजच्या बहुतेक पातळ क्लीनरमध्ये सगळ्यात जास्त असतं ते पाणी. मग रंग, वास आणि थोडा फेस. पैसे आपण मुख्यतः पाण्याच्या वाहतुकीचे आणि बाटलीचे देतो. न्यायाने सांगायचं तर सोड्याच्या खड्यांतही वजनाच्या जवळपास ६३ टक्के पाणीच असतं; म्हणून पूड स्वरूपातला कोरडा सोडा घेतला तर चमचा निम्म्याहून कमी भरावा. सुगंध हवा असेल त्याने अवश्य विकत घ्यावा, त्यात गैर काही नाही. फक्त तो स्वच्छतेच्या खात्यात लिहू नये. आणि मोबाइलवर फिरणारा खाण्याचा सोडा अधिक व्हिनेगर हा ‘चमत्कारी उपाय’? ज्या बुडबुड्यांवर लोक भुलतात, तो दोघांनी एकमेकांना मारून टाकल्याचा पुरावा असतो. मागे उरतं ते किंचित खारट पाणी.

इंद्रायणी तळेगावच्या अंगाने, इंदोरीवरून पुढे देहू-आळंदीला जाते, आणि आळंदीला घाटाशी फेसाचे ढीग तरंगल्याचे फोटो वर्तमानपत्रांत वारंवार येतात. त्याचा दोष घरातल्या बाटल्यांवर ढकलणं सोपं आहे, पण ते पुरतं खरं नाही. न शुद्ध केलेलं सांडपाणी आणि कारखान्यांचा निचरा यांचा बंदोबस्त घरोघरी बाटल्या बदलून होणार नाही. एवढं मात्र म्हणता येतं की फेस करतात ते डिटर्जंटमधले पृष्ठक्रियाशील पदार्थ. सोडा स्वतः फेस करत नाही आणि शेवाळाला फॉस्फेटसारखं खतही पुरवत नाही. तो ज्या कामाला पुरेसा आहे, त्या कामापुरता तरी नदीत जाणारा फेस कमी होतो.

आणायचा तर सुपरमार्केटात तो सापडेलच असं नाही. जुन्या पद्धतीच्या किराणा दुकानात ‘धुण्याचा सोडा’ म्हणून मागावा. खडे कोरड्या हवेत उघडे राहिले तर त्यांतलं पाणी उडून वरून पांढरी भुकटी धरते. त्याने सोडा बिघडत नाही, उलट वजनाला जोरकस होतो. डबा घट्ट झाकणाचा आणि अॅल्युमिनियमचा नसलेला असावा, त्यावर ठळक नाव लिहावं, आणि तो स्वयंपाकाच्या फळीवर ठेवू नये. ढोकळ्याच्या घाईत हा सोडा आणि खाण्याचा सोडा वेगळे ओळखू येत नाहीत.