आधी खिडकी, मग हीटर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडतील, त्या पोटात घाला. विषय मात्र हीट ट्रान्सफरचा आहे, तेव्हा निदान मेकॅनिकलवाल्यांनी तरी पान उलटू नये!

माझी मावसबहीण युक्रेनमध्ये खारकीव्हला एमबीबीएस करत होती. मार्च २०२२ मध्ये 'ऑपरेशन गंगा'च्या विमानाने ती परत आली. तिच्या घरमालकीणबाई मात्र सालतिव्का भागातल्या आपल्या फ्लॅटमध्येच राहिल्या. त्या हिवाळ्यात ताईने त्यांना विचारलं, ब्लँकेटं पाठवू का? उत्तर आलं, "ब्लँकेटं आहेत. खिडकीला काच नाही."

तेव्हा मला यातलं काही कळलं नव्हतं. सेकंड इयरला कळलं. ब्लँकेट उष्णता तयार करत नाही, फक्त अडवून धरतं. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे एका खोलीत चौघं जमली की ४०० वॅटचा फुकटचा हीटर! पण आत १५ आणि बाहेर उणे १० अंश असताना दीड चौरस मीटरच्या एकेरी काचेतून सुमारे २०० वॅट निघून जातात. आणि काचच फुटलेली असेल तर गरम हवाच बाहेर पडते, मग हिशेब कशाचा करायचा? म्हणून मदत करणारे लोक प्लास्टिकचा जाड कागद, लाकडी बोर्ड, ताडपत्री ही 'रुक्ष' सामग्री आधी वाटतात. प्लास्टिकचे दोन थर लावले की मधली अडकलेली हवाच थंडी अडवते. मग घरातली एकच खोली निवडायची आणि सगळ्यांनी तिथेच राहायचं.

हीटर का नाही? तिथल्या शहरांत बहुतेक जुन्या इमारतींना गरम पाणी केंद्रातून येतं. काही ठिकाणी वीज बनवताना उरलेल्या उष्णतेवरच पाणी तापवतात आणि ते जमिनीखालच्या पाइपांतून घरोघरच्या रेडिएटरमध्ये फिरवतात. शांततेच्या काळात ही फार हुशारीची पद्धत, युद्धात तीच अंगाशी येते. १० ऑक्टोबर २०२२ पासून रशियाने वीजयंत्रणेवर क्षेपणास्त्रं आणि ड्रोनचा मारा सुरू केला. वीज गेली की पंप बंद, पंप बंद पडले की पाणी जागच्या जागी गोठायला लागतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं. त्याआधी इमारतीतलं पाणी काढून टाकायला कर्मचाऱ्यांची धावपळ! वीज परत आली की सगळे एकदम हीटर लावतात आणि पुन्हा ट्रिप. (सकाळी सहाला बादलीत कॉइल टाकणाऱ्या आमच्या विंगला हे वेगळं सांगायला नको.)

नोव्हेंबर २०२२ पासून सरकारने ठिकठिकाणी तंबूंत आणि शाळांत ऊब, चहा आणि मोबाइल चार्जिंगची मोफत सोय केली. चुली असलेल्या घरांना जळाऊ लाकूड आणि ब्रिकेट वाटले जातात. स्वयंसेवकांनी रिकाम्या डब्यांत पुठ्ठ्याची गुंडाळी आणि वितळलेलं मेण भरून सैनिकांसाठी मेणबत्त्या केल्या.

इथे एक धोका आहे. खोली जितकी घट्ट बंद कराल तितका आत पेटवलेल्या आगीचा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, झोपेतच माणूस जातो. म्हणून चुलीला धुराडं हवंच, आणि जनरेटर घराबाहेर.

ताईने शेवटी पैसेच पाठवले. इथून ब्लँकेट पाठवायचा खर्च ब्लँकेटपेक्षा जास्त, आणि बोर्ड तिथे मिळतच होते. मार्चमध्ये बाईंनी फोटो पाठवला. अर्ध्या खिडकीला बोर्ड, अर्ध्या खिडकीला प्लास्टिक, उजेड यावा म्हणून. काच अजून का नाही, असं ताईने विचारलं. बाई म्हणाल्या, पुढच्या स्फोटात फुटली तर? प्लास्टिक नुसतं फडफडतं.