किल्ली फिरवण्याआधी दहा मिनिटे

लोणंद म्हटले की कांद्याचा बाजार आणि पुणे-मिरज लोहमार्गावरचे स्टेशन आठवते. पाठीवर पोते घेतलेला हमाल ही इथल्या व्यापाराची जुनी ओळख. आता गावाला औद्योगिक वसाहतही आहे. जिथे माल लाकडी पॅलेटवर रचला जातो, तिथे हमालाच्या जोडीला फोर्कलिफ्ट येते; कुणाची स्वतःची, कुणाची भाड्याची. यंत्राने मेहनत वाचते, पण जिम्मेदारी वाढते.

दोन टन माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचे स्वतःचे वजन तीन टनांहून अधिक असते. ब्रेक दगा देऊन ती माणसावर गेली तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत रोज वापरापूर्वी तपासणी सक्तीची आहे. यंत्र रात्रंदिवस चालत असेल तर प्रत्येक पाळीनंतर तपासावे लागते. आपल्याकडेही ही सवय लावून घेण्यात फायदाच आहे. खर्च काही नाही, वेळ फक्त दहा मिनिटे.

आधी इंजिन बंद ठेवून यंत्राभोवती एक फेरी मारावी. जमिनीवर तेलाचा डाग आहे का? टायर फाटले आहेत का, चाकाचे नट ढिले आहेत का? पुढच्या दोन काट्यांचा वाकलेला कोपरा नीट पाहावा, कारण चीर तिथेच पडते. काट्याची जाडी दहा टक्के झिजली की तो बदलावा. दोन्ही चेन सारख्या ताणलेल्या हव्यात. चेनमध्ये बोट घालू नये. हायड्रॉलिक पाइपची गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी. दाबाने निघणारे तेल कातडीत घुसते. बॅटरी चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून तिथे विडी-काडी नको.

मग इंजिन सुरू करून हॉर्न, दिवे, पायाचा ब्रेक, हँडब्रेक आणि स्टिअरिंग पाहावे. काटे रिकामेच वर-खाली आणि पुढे-मागे करून आवाज ऐकावा. सीटचा पट्टा लागतो का हेही पाहावे.

धंद्याप्रमाणे तपासणीत थोडी भर घालावी. कांद्याची वाळकी साले आणि धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकली की इंजिन तापते. कापडाच्या गोडाऊनमध्ये सूत आणि गाठीच्या पट्ट्या चाकाच्या आसाला गुंडाळतात. गरम सायलेन्सरजवळ साठलेला कापूस तर आगीला आमंत्रण.

यंत्रावरची क्षमतेची पट्टी वाचता येईल इतकी स्वच्छ ठेवावी. 'दोन टन' हा आकडा बहुधा मालाचा मध्य काट्याच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असतानाचा असतो. माल लांब असेल तर क्षमता घटते. कापसाची एक गाठ साधारण १७० किलोची, म्हणजे बारा गाठींचे २,०४० किलो झाले. सरळ हिशेबानेच वजन मर्यादेबाहेर गेले.

हे सर्व एका वहीत तारीख, वेळ आणि सहीसह लिहावे. पण वहीची खरी किंमत मालकाच्या हातात आहे. दारात ट्रक उभा आहे, ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, ब्रेक खाली जातोय," आणि मालक म्हणतो, "आजचा दिवस चालव, उद्या मिस्त्री बोलावू." त्या क्षणी वही रद्दी होते. दुसऱ्या दिवसापासून ड्रायव्हर न पाहताच 'ठीक' लिहू लागतो, आणि दोष त्याचा नसतो.

म्हणून व्यापारी बंधूंनी एकच नियम पाळावा: ब्रेक, स्टिअरिंग, चेन, काटे किंवा हायड्रॉलिकमध्ये बिघाड लिहिला गेला की किल्ली मालकाच्या गल्ल्यात आणि दुरुस्तीपर्यंत यंत्र बंद. भाड्याच्या यंत्रालाही हाच नियम. त्या दिवशी माल हाताने उतरवावा, चार हमाल जादा लावावेत. ट्रक दोन तास थांबल्याचे भाडे भरून निघते. घरातला कमावता माणूस गेला तर ते नुकसान कोणत्या खात्यात लिहिणार?