पूर आणि तान्हीं मुलें

कऱ्हाडास कृष्णा-कोयनेचा संगम होतो व तेंच पाणी पुढें सांगलीस जातें. २०१९ च्या ऑगस्टांत सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं तें ५७ फुटांच्या वर चढलें. धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०२१ च्या जुलैंत सातारा जिल्ह्यांतील पाटण तालुक्यांत दरडी कोसळून घरें गाडलीं गेलीं. अशा प्रसंगीं धान्याची, औषधांची चिंता सर्वच वाहतात. तान्ह्या मुलाच्या मनाची विचारपूस क्वचितच होते. "त्याला काय कळतें?" असें आपण सहज म्हणतों. आमच्या मतें हा समज घातक आहे. दोन वर्षांच्या मुलास पूर कळत नसेल, पण आईचा थरथरणारा हात कळतो. अंथरूण पुन्हां ओलें होऊं लागणें, सारखें बिलगून राहणें, झोंपेंत दचकणें हीं हट्टाचीं नव्हेत, भयाचीं लक्षणें होत. त्यावर रागावूं नये. परक्या छपराखालींही मुलास आईजवळच ठेवावें. जेवण, निजणें, अंगाई नेहमींच्या वेळीं व्हावी. त्या मातेस घटकाभर विसांवा मिळावा म्हणून आजी, आत्या, काकूंनीं आणि घरच्या पुरुषांनींही तिचीं कामें वाटून घ्यावींत. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग तो हाच. महिना लोटूनही भय ओसरलें नाहीं, तर संकोच न धरतां बालरोगतज्ज्ञांस विचारावें.