आकाशतारेची पारख

डिसेंबर २००४ मध्ये अंदमान बेटांवर त्सुनामीच्या लाटा आदळल्या, तेव्हा पोर्ट ब्लेअर येथे आलेल्या हौशी बिनतारी-चालकांच्या पथकाने बेटांवरील निरोप मुख्य भूमीवर पोहोचविले. अशा वेळी प्रेषकाइतकेच महत्त्व त्याला जोडलेल्या आकाशतारेला, म्हणजे अँटेनाला, असते. प्रेषक तयार मिळतो. तार मात्र घर पाहून बेतावी लागते.

चंदीगडमधील एखाद्या घराची गच्ची उदाहरणादाखल घेतली, तर ७.१ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेसाठी अर्धतरंग तार किती लांब हवी? १४३ ला ७.१ ने भागले की सुमारे २०.१ मीटर हे उत्तर मिळते. तार मध्ये तोडून दोन्ही टोके समाक्ष केबलला जोडतात. परंतु गच्चीच्या काँक्रीटमधील लोखंडी सळया, पाण्याचे नळ आणि तारेवरील प्लॅस्टिकचे वेष्टन या सर्वांचा परिणाम होऊन तिचा अनुनाद ठरलेल्या जागी सापडत नाही.

तो कोठे आहे, हे विश्लेषक दाखवितो. हे उपकरण क्रमाने निरनिराळ्या कंप्रतांचे क्षीण संकेत तारेकडे धाडते आणि किती ऊर्जा परतली ते मोजते. एके काळी असली यंत्रे प्रयोगशाळांतच असत; चंदीगडला तर १९६२ पासून केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनाच आहे. आज तळहाताएवढा विश्लेषक हौशी माणसाच्या आवाक्यात आला आहे. समजा, अनुनाद ६.८५ मेगाहर्ट्‌झवर आढळला. म्हणजे तार लांब आहे. २०.१ ला ६.८५ ने गुणून ७.१ ने भागल्यास १९.४ मीटर येतात. प्रत्येक बाजूने सुमारे ३५ सेंटिमीटर तार कमी करावयाची. ती लगेच कापू नये, दुमडून पुन्हा मोजावी.

स्थायी तरंगांचे गुणोत्तर २ असेल, तर सुमारे ११ टक्के शक्ती परतते. ३ असेल, तर २५ टक्के. मात्र या आकड्याने अनेकजण फसतात. केबल जुनी असून तीत निम्मी शक्ती जात असेल, तर वरची तार पूर्णपणे तुटली तरी खाली गुणोत्तर ३ च दिसेल, कारण जाताना निम्मी आणि येताना पुन्हा निम्मी शक्ती केबलच गिळते. म्हणून विश्लेषक शक्यतो आकाशतारेच्या तोंडाशीच जोडावा.

ऊर्जा कोणत्या दिशेला जाते, हे विश्लेषक सांगत नाही. ते काम संगणकाचे. अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत विकसित झालेल्या आज्ञावलीत तारेचे लहान तुकडे कल्पून प्रत्येकातील प्रवाह काढला जातो. त्यावरून दिसते की, जमिनीपासून १० मीटरवर ताणलेली ही तार बहुतेक ऊर्जा थेट वर फेकते. हा दोषच म्हणता येणार नाही. दिवसा आयनांबर ती ऊर्जा परतवून शिवालिकच्या डोंगरांपलीकडे उतरविते. दरडींनी रस्ते बंद झालेल्या हिमाचलातील गावाशी बोलण्यास हीच तार उपयोगी. सुमारे १४०० किलोमीटरवरील पुण्याशी बोलावयाचे, तर मात्र ऊर्जा क्षितिजाकडे झुकली पाहिजे, आणि त्यासाठी तार २० मीटरच्या आसपास उंच चढवावी लागेल.